शंकरपट आणि बैलाची बाजू

शेतातली कपाशी वेचून होत आली आणि तूर खळ्यावर येऊन पडली, की आपल्या वऱ्हाडात गावोगाव शंकरपटाची बोलणी सुरू होतात. कळंब, राळेगाव, बाभुळगाव, घाटंजी या बाजूच्या शेतकऱ्याला पट म्हणजे काय, हे सांगावयास नको. परंतु आपल्या गावच्या शाळेत बाहेरून बदलून आलेले एखादे गुरुजी असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन बैल, त्यांच्या मागे अगदी हलकी छकडी, तिच्यावर एक हाकणारा, समोर आखलेला सरळ पट. बहुतेक ठिकाणी घड्याळ लावून वेळ मोजतात आणि सेकंदाच्या तुकड्यावरून पहिला-दुसरा ठरतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट जुना आणि नावाजलेला. तेथे बायकांनीही कासरा हाती धरून जोड्या पळवल्या आहेत. पलीकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या झाडीपट्टीत तर दिवसा पट आणि रात्री नाटक, अशी जोडच ठरलेली आहे. पश्चिमेकडे पुणे, सातारा, सांगली या जिल्ह्यांत हाच खेळ बैलगाडा शर्यत या नावाने चालतो.

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते या पटावरून वर्तमानपत्रांत आणि दूरदर्शन वाहिन्यांवर जो वाद झाला, त्याविषयी. हा वाद दहा-बारा वर्षे चालला. एका बाजूने लिहिले गेले की हा क्रूर खेळ आहे, तो बंद झालाच पाहिजे. दुसऱ्या बाजूने लिहिले गेले की हा शेतकऱ्याच्या परंपरेवर घाला आहे. गावच्या पारावरही तेच झाले. एक जण म्हणतो, "आमी बैलाले लेकरावानी वागवतो, पोळ्याले पुरणपोळी चारतो, अन् हे शहरातले लोकं आमाले दया शिकवतेत!" त्यावर गुरुजी हळूच विचारतात, "मग भाऊ, त्या काठीच्या टोकाला खिळा कशापायी ठोकला?" आणि पारावर एकदम सामसूम होते.

श्रोतेहो, ती सामसूम मला मोलाची वाटते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. जो शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपाने शेकतो आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतो, त्याचे प्रेम खोटे नाही. आणि त्याच शेतकऱ्याच्या तुतारीला आर असते, हेही खोटे नाही. मग या गुंत्यातून वाट कशी काढावयाची, ते आपण पाहू.

प्रथम कायद्याची हकीकत क्रमाने लक्षात घेऊ, कारण ती पुष्कळांना तुटक-तुटक माहीत असते. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. प्राण्याला मारणे, त्याच्यावर अतोनात ओझे लादणे, जखमी जनावर कामाला जुंपणे हे त्या कायद्याने गुन्हे ठरले. २०११ च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. वाघ, सिंह, अस्वल, माकड अशा ज्या प्राण्यांना खेळ करून दाखविण्यासाठी शिकविता येत नाही, त्यांच्या यादीत तिने बैलाचेही नाव घातले. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तामिळनाडूतील जल्लीकट्टू व महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यती या दोन्हींवर बंदी आली.

त्या निकालात न्यायालयाने प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख केला आहे. शाळेतल्या मुलांनाही ती सहज समजतील. भूक आणि तहान यांपासून मुक्तता; ऊन, थंडी व गैरसोय यांपासून मुक्तता; दुखापत, वेदना व रोग यांपासून मुक्तता; भीतीपासून मुक्तता; आणि आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. एवढीच ती पाच.

पुढे २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने या खेळांना पुन्हा सवलत दिली. परंतु अवघ्या काही दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ साली तामिळनाडूत मोठे आंदोलन झाले आणि त्या राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही दुरुस्ती करून अटींसह शर्यतींना परवानगी दिली. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली. मधल्या काळात खेळ पुरता थांबला, असे म्हणता यावयाचे नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यात बंदी झुगारून उघडपणे शर्यत झाली आणि ती बातमी राज्यभर गाजली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला नियमांच्या चौकटीत शर्यती घेण्याची मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

गावात ही शेवटची बातमी आली तेव्हा गुलाल उधळला गेला. परंतु निकालाचे दुसरे वाक्य गुलालात झाकले गेले, ते आपण नीट ऐकले पाहिजे. न्यायालयाने परवानगी दिली ती या आधारावर की, नव्या नियमांमुळे बैलाला होणारा त्रास बराच कमी होतो. आणि त्या नियमांची कडक अंमलबजावणी व्हावी, ती जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची राहील, असेही बजावले. म्हणजे नियम पाळले गेले नाहीत, तर परवानगीचा पायाच खचतो. ही गोष्ट पट भरविणाऱ्या प्रत्येक मंडळाने ध्यानात ठेवावी.

आता या वादातला सर्वांत गाजलेला प्रश्न घेऊ. तो असा: "मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात घोड्यांच्या शर्यती राजरोस चालतात. तेथे पैसेवाले लोक पैसा लावतात. घोड्याला चालते, तर आमच्या बैलालाच का नाही?"

प्रश्न रोखठोक आहे आणि त्याचे उत्तरही रोखठोक दिले पाहिजे. महालक्ष्मीचे मैदान १८८३ पासून चालू आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरविला, निव्वळ जुगार नव्हे. २०१४ च्या निकालात न्यायालयाने असे म्हटले की बैलाच्या शरीराची घडण घोड्यासारखी धावण्यासाठी नाही. तो ओढकामाचा प्राणी आहे. आपल्यापैकी पुष्कळांना हे पटले नाही. वर्धा-आर्वीकडचा गवळाऊ बैल पाहिला आहे त्यांना तर मुळीच नाही. सडपातळ अंगाचा, चपळ पायांचा हा बैल दुडक्या चालीने कोसचे कोस वाट कापतो. बैल पळतो, हे खरेच आहे.

पण बघा, "घोड्याला चालते" या बोलण्यात एक फसगत आहे. घोड्याला चाबूक बसतो म्हणून बैलाच्या पाठीवरचा वळ कमी दुखतो काय? शेजाऱ्याच्या घरी अन्याय होतो, एवढ्यावरून आपल्या घरचा अन्याय न्याय होत नाही. आणि घोड्यांच्या शर्यतींवरही जगभर वाद चाललेलाच आहे. नॉर्वे देशाने १९८२ सालीच शर्यतीत चाबूक वापरण्यावर बंदी घातली. इंग्लंडात ग्रँड नॅशनल नावाची मोठी अडथळ्यांची शर्यत होते. तेथे २०२३ साली प्राणिमित्रांनी मैदानात घुसून शर्यत रोखण्याचा प्रयत्न केला आणि शंभरावर लोकांना अटक झाली. त्यानंतर २०२४ पासून धावणाऱ्या घोड्यांची संख्या ४० वरून ३४ वर आणण्यात आली. त्याच २०२३ साली तेथे चाबकाच्या फटक्यांवर नवी मर्यादा आली: सपाट शर्यतीत ६ आणि अडथळ्यांच्या शर्यतीत ७. मर्यादा ओलांडून आणखी चार फटके मारले, तर घोडा शर्यतीतूनच बाद.

मी ही उदाहरणे एवढ्यासाठी सांगितली की त्यांतून एक धडा मिळतो. परंपरा मोठी की दया मोठी, असा वाद घातला तर तो शंभर वर्षेही संपणार नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी घट्ट बसतात आणि बैल मधल्या मधे राहतो. परंतु वाद मोजता येण्याजोग्या गोष्टींवर आला, की काहीतरी हलते. फटके किती? घोडे किती? अंतर किती? ऊन किती? ज्याची मोजदाद होते, त्याची सुधारणा होते. हे शेतीत खरे आहे, शाळेत खरे आहे आणि पटावरही खरे आहे.

तर मग आपल्याकडे मोजण्याजोगे काय आहे? महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. ५० हजार रुपयांची अनामत ठेवावी लागते. धावण्याचे अंतर १,००० मीटरांपेक्षा जास्त असता कामा नये. पशुवैद्याने बैल तपासलेला असला पाहिजे. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका देणारी बॅटरी यांपैकी काहीही हाकणाऱ्याजवळ नको. शेपटी पिरगाळणे नको, चावणे नको. नियम मोडून बैलाला पीडा दिली, तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९६० च्या मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड केवढा होता, ठाऊक आहे? दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांवरून पाच लाखांवर मजल गेली, ती या वादामुळेच. तेव्हा वाद घालणाऱ्यांना नुसती नावे ठेवू नयेत. त्यांच्या भांडणातून हा नियम आला आहे.

परंतु पटाच्या दिवशी दोन हजार माणसे गोळा झाली, की एक पशुवैद्य आणि दोन पोलीस कोठे-कोठे लक्ष ठेवणार? खरे लक्ष गावानेच ठेवावे लागते. त्यासाठी बैलाच्या शरीराविषयी दोन-चार गोष्टी सांगतो.

बैल रवंथ करणारा प्राणी आहे. त्याचे पोट चार कप्प्यांचे, आणि त्यातला पहिला कप्पा भला मोठा असतो. भरल्या पोटी त्याला पळविले, तर हा फुगलेला कप्पा छातीच्या पडद्यावर दाबतो आणि श्वास अपुरा पडतो. म्हणून पोटभर वैरण घातल्यावर लगेच जोडी जुंपू नये. दुसरी गोष्ट उन्हाची. घोडा घामाने निथळून अंग थंड करतो. बैलाला तेवढा घाम येत नाही, त्याला धापा टाकूनच पुष्कळशी उष्णता बाहेर टाकावी लागते. तोंड उघडे, जीभ बाहेर, लाळेची तार लोंबते आहे, मान पुढे ताणली आहे, असा बैल दिसला की तो "जोशात" नाही, तो संकटात आहे, हे ओळखावे.

हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. सकाळी बैल गोठ्यात स्वस्थ उभा असताना त्याच्या कुशीकडे पाहावे आणि एका मिनिटात कूस किती वेळा वरखाली होते, ते मोजावे. हा आकडा लक्षात ठेवावा. पळून आल्यावर तो वाढणारच. पण सावलीत उभे करून, पाणी दाखवून अर्धा तास झाला तरी आकडा खाली येत नसेल, तर त्या दिवशी त्या बैलाला दुसऱ्यांदा पटावर नेऊ नये. बक्षीस कितीही मोठे असो. यास ना यंत्र लागते, ना खर्च. एक घड्याळ आणि एक प्रामाणिक डोळा पुरे.

आता मला त्या गोष्टीकडे यावयाचे आहे, जी या सगळ्या वादात जवळजवळ बोललीच गेली नाही. पट वर्षातून एक-दोन दिवस. उरलेल्या साडेतीनशे दिवसांचे काय?

१९६५ साली केंद्र सरकारने ओढकामाच्या जनावरांसाठी नियम केले. ते आजही पुस्तकात आहेत आणि फार थोड्या लोकांना ठाऊक आहेत. त्यांत म्हटले आहे की जनावराला दिवसातून एकूण ९ तासांपेक्षा जास्त जुंपू नये. सलग ५ तासांपेक्षा जास्त काम विसाव्याशिवाय घेऊ नये. आणि जेथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते, तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात त्याला जुंपू नये. खिळे ठोकलेली काठी वापरण्यासही त्याच नियमांनी मनाई केली आहे. म्हणजे तुतारीची आर २०१४ साली बंद झाली, असे नाही. ती १९६५ पासूनच बंद आहे!

श्रोतेहो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर किती दिवस असतो, ते मी सांगावयास नको. भर दुपारी वखरणी चालू असते. शेतकऱ्याचाही नाइलाज असतो. मृगाच्या आत जमीन तयार झाली पाहिजे. पण पहाटे चारला जुंपून दहाला सोडले आणि ऊन उतरल्यावर पुन्हा जुंपले, तर काम तेवढेच होते आणि बैल वाचतो. आपले आजे-पणजे असेच करीत. त्यांना १९६५ चा नियम माहीत नव्हता, पण ऊन माहीत होते.

खांद्याचेही तसेच. जू नीट बसत नसेल, एक बैल उंच आणि दुसरा बुटका असेल, तर खांदा सुजतो, सोलतो, त्यावर माश्या बसतात. पोळ्याला आपण खांदे शेकतो, ते उगीच नाही. त्या रिवाजात शहाणपण आहे. ते शहाणपण एका संध्याकाळपुरते ठेवावयाचे की दर आठवड्याला खांद्यावरून हात फिरवून पाहावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

आणि शेवटी म्हातारा बैल. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. पूर्वी थकलेला बैल विकून त्यात भर घालून नवा घेत. आता त्या बैलाला गिऱ्हाईक नाही आणि वैरण तर दुष्काळी वर्षात माणसालाही महाग. चांगली जोडी आज लाखाच्या घरात जाते, म्हणून पुष्कळ शेतकरी ट्रॅक्टर भाड्याने लावून मोकळे होतात. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५५ लाख गाई-बैल होते. २०१९ च्या गणनेत ते सुमारे १ कोटी ४० लाखांवर आले. सात वर्षांत पंधरा लाखांची घट! पटाची बाजू घेणारे म्हणतात, शर्यत राहिली तर बैलाची जात राहील. त्यात तथ्य आहे; पळणाऱ्या खोंडाला किंमत येते म्हणून तो पाळला जातो. पण पळणारे बैल गावात दोन, आणि न पळणारे पन्नास. त्या पन्नासांसाठी पटाचे मंडळ काय करते? जमलेल्या वर्गणीतून आणि प्रवेशशुल्कातून एक वाटा थकलेल्या बैलांच्या कडब्यासाठी काढून ठेवला, पटाच्या दिवशी येणाऱ्या पशुवैद्याकडून गावची सगळी जनावरे तपासून घेतली, तर "आम्ही बैलावर प्रेम करतो" या वाक्याला कोणी हसणार नाही. टीका करणारेही नाही.

आता शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. हा वाद वर्गात आणण्याजोगा आहे. मुलांची घरे दोन्ही बाजूंची असतात, म्हणून कोणाला दुखवू नये; पण विचार करावयास लावावे. या विषयावरची वर्तमानपत्रातली एखादी बातमी वाचून दाखवावी आणि मुलांना चार प्रश्न विचारावेत. हे कोण म्हणतो आहे? त्याने स्वतः पाहिले की ऐकले? त्यात मोजलेला आकडा कोणता आणि नुसते विशेषण कोणते? आणि चौथा प्रश्न, या बातमीत बैलाविषयी किती ओळी आहेत? माझी खात्री आहे की चौथ्या प्रश्नाला पुष्कळदा मुले पानभर बातमीतून दोन-तीनच ओळी शोधून काढतील. बाकी सगळ्या माणसांच्या मानापमानाच्या. वाचावयास शिकणे म्हणतात ते यालाच.

आणि पोळ्याच्या सुमारास मुलांना घरच्या बैलाचे श्वास मोजून वहीत लिहून आणावयास सांगावे. ज्यांच्या घरी बैल नाही, त्यांनी शेजाऱ्याचा मोजावा. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजविणाऱ्या मुलाला जित्या बैलाची कूस किती वेळा हलते, हे ठाऊक झाले, की त्याच्या हातात पुढे तुतारी येईल तेव्हा तिला आर लावताना तो दहा वेळा विचार करील. राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. सजीव प्राण्यांविषयी दयाभाव बाळगणे, हे त्यांतलेच एक आहे. ते पाठ करून घेण्यापेक्षा असे मोजून घेतलेले बरे.

श्रोतेहो, पट राहावा की जावा, याचा निकाल आज न्यायालयाने राहावा असा दिला आहे. तो टिकेल की नाही, हे मात्र दिल्लीत ठरणार नाही. ते कळंबच्या, राळेगावच्या, तळेगावच्या पटावर ठरेल. पुढच्या पटाला जाल तेव्हा कोणाची जोडी पहिली आली, हे अवश्य पाहा. पण निशाण पडल्यावर गर्दी विजेत्याकडे धावते, तेव्हा आपण एक मिनिट मागे राहावे आणि शेवटच्या नंबरच्या जोडीकडे पाहावे. तिला पाणी कोणी दाखविले का? सावलीत कोणी उभे केले का? तिच्या पाठीवर वळ आहे का? आणि असेल, तर तेथल्या तेथे पंचांना सांगावे. ते काम बाहेरगावचा कोणी येऊन करणार नाही. बैल आपला आहे, तर ते काम आपलेच आहे.